दोनदा मोजलेलं एक मत

साताऱ्यात नोव्हेंबर लागला की अजिंक्यताऱ्याच्या अंगावर सकाळचं धुकं रेंगाळतं, हायवेला उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात आणि शेंद्र्याकडून वारा आला तर मळीचा गोडूस, आंबूस वास घरापर्यंत पोचतो. 2024 च्या नोव्हेंबरात या सगळ्यावर प्रचाराच्या रिक्षांचा आवाज पसरला होता. पोवई नाक्यावरून एक रिक्षा वळते न वळते तोच मागून दुसरी. दोन्हींच्या भोंग्यांतून तोच विकास, तोच स्वाभिमान, तीच निष्ठा. चिन्हाचं नाव कानावर पडेपर्यंत रिक्षा कुणाची ते कळायचं नाही आणि पडलं तरी मनाशी हिशेब मांडावा लागायचा. घड्याळ म्हणजे आता कोणते? मशाल म्हणजे पूर्वीचे कोण? धनुष्यबाण कुणाच्या हातात? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आपल्याच जिल्ह्याचं राजकारण नव्यानं पाठ करावं लागत होतं.

दिवाळी नुकतीच सरली होती. 3 नोव्हेंबरला भाऊबीज आणि 4 ला उमेदवारी अर्ज मागं घेण्याचा शेवटचा दिवस. त्यामुळं ओवाळणीच्या ताटाभोवती गप्पा एकाच विषयावर : कुठला बंडोबा थंडोबा होणार आणि कुठला नाही. माझे दोघे भाऊ यात पुरते मुरलेले. दादा जन्माचा शिवसैनिक, धाकटा जन्माचा राष्ट्रवादीवाला. फराळाची ताटं पुढ्यात येईपर्यंत दोघंही शहाण्यासारखे बसले होते. पहिली चकली मोडली आणि दादा म्हणाला, "काय, सत्तेची ऊब बरी लागतीय ना थंडीत?" धाकट्यानं लगेच उत्तर केलं, "ऊब तुम्ही पण घेतली होती की पाच वर्षं, त्यांच्याच शेजारी बसून." वहिनीनं चिवड्याचा डबा मधे ठेवला. त्यानं काही भागलं नाही.

त्या दोघांकडं बघताना एक विलक्षण गोष्ट माझ्या लक्षात आली. 2019 च्या ऑक्टोबरात दादा भाजप-शिवसेना युतीसाठी दारोदार फिरत होता आणि धाकटा त्या युतीविरुद्ध. 2024 मध्ये दादा भाजपविरुद्ध फिरत होता आणि धाकटा भाजपच्या मित्रपक्षासाठी. दोघांनीही आपापला पक्ष सोडलेला नव्हता, निदान दोघांच्याही मनात तरी नव्हता. एक ठाकऱ्यांबरोबर राहिला, दुसरा अजितदादांबरोबर. मधल्या काळात दोघं अडीच वर्षं एकाच आघाडी सरकारचे पाठीराखेही होऊन गेले होते आणि त्या काळात भाऊबिजेला शांतता असायची. म्हणजे माझे भाऊ जागचे हलले नाहीत, त्यांच्या पायांखालची सतरंजीच पूर्ण फिरली. आणि तरी भांडणाची धार तीच, शब्द तेच, रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच.

नेते एकमेकांकडच्या लग्नांना जातात आणि कार्यकर्ते मात्र एकमेकांची डोकी फोडतात, असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलोय. ते खरंच आहे. पण माझा त्रागा तिथं थांबत नाही. भांडण परवडलं, त्यात निदान आपलं काहीतरी पणाला लागलेलं असतं. या पाच वर्षांत मला बोचत राहिलं ते वेगळंच. आपण दिलेलं मत आपण देऊन झाल्यावर कुठं कुठं फिरून आलं, याचा आपल्याला पत्ताच नव्हता.

मशीनच्या शेजारच्या त्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. नाव, चिन्ह, अनुक्रमांक. मग ती कापली जाऊन आतल्या पेटीत पडते. त्या सात सेकंदांत मला दर वेळी उगाच भरून येतं. पुठ्ठ्याच्या आडोशाआड उभ्या असलेल्या माणसाला जात विचारता येत नाही, घर विचारता येत नाही, आमच्यातला की त्यांच्यातला हे विचारता येत नाही. कारखान्याचा चेअरमन आणि त्याच कारखान्याच्या फडात ऊस तोडणारी बाई, दोघांची चिठ्ठी सारख्याच आकाराची आणि दोघांनाही सातच सेकंद. एवढ्यासाठी मी दर निवडणुकीत रांगेत उभी राहते. पुढारी कसेही असोत, तो आडोसा मला पवित्र वाटतो. माझं मत कुणाला गेलं, हे मी भावांना कधी सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

2019 च्या त्या ऑक्टोबरात साताऱ्यानं दोन मतं दिली होती, एक विधानसभेला आणि एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीला. मे महिन्यात राष्ट्रवादीकडून निवडून आलेल्या उदयनराजे भोसल्यांनी सप्टेंबरात खासदारकीचा राजीनामा दिला, भाजपमध्ये प्रवेश केला आणि ते त्याच मतदारांपुढं पुन्हा उभे राहिले. 18 ऑक्टोबरच्या संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या मैदानावर शरद पवार भर पावसात बोलले. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. 21 तारखेला मतदान झालं आणि श्रीनिवास पाटील सत्त्याऐंशी हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. त्यानंतर 2024 च्या लोकसभेला याच साताऱ्यानं उदयनराजेंना भाजपच्या चिन्हावर निवडून दिलं. दोन्ही निकालांवर कुणी हसलं, कुणी रडलं. मला मात्र दोन्ही निकाल स्वच्छ वाटले. माणसानं बाजू बदलली, मतदारांना विचारलं, मतदारांनी एकदा नाही म्हटलं आणि पुढं कधीतरी हो म्हटलं. विचारणारा विचारत होता आणि उत्तर देणारे उत्तर देत होते. लोकशाहीत याहून फार काही मागणं नसतं.

पण त्याच ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मताचं काय झालं? विधानसभेत भाजपला 105, शिवसेनेला 56, राष्ट्रवादीला 54 आणि काँग्रेसला 44 जागा मिळाल्या. युतीला स्पष्ट बहुमत होतं, तरी युतीचं सरकार आलं नाही. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. 23 नोव्हेंबरला सकाळी सकाळी राजभवनात शपथविधी झाला, तेव्हा माझ्या नखावरची शाई अजून शाबूत होती. ते सरकार जेमतेम ऐंशी तास टिकलं. शाई त्याच्यापेक्षा चिवट निघाली. 28 तारखेला शिवाजी पार्कवर दुसराच शपथविधी पाहिला, तेव्हाही नखाच्या कडेला तिची काळी रेघ होती.

पुढं 2022 चा जून आला. पेरणीचे दिवस, आणि शिवसेनेचे आमदार सुरतेला, मग गुवाहाटीला. एका आमदाराचं तिथली झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचं वर्णन करणारं फोनवरचं बोलणं बाहेर आलं आणि दोन दिवसांत त्याची गाणी झाली, रिंगटोन झाल्या. राज्यातलं सरकार पडत होतं आणि आम्ही त्याच्यावर नाचत होतो. नंतर विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा झाल्या, त्यांवरही मुलं गणपतीत नाचली. मराठी माणसाला विनोदाचं अंग आहे म्हणतात, ते खरंच. पण कधीकधी वाटतं, हा विनोदच आपल्याला महागात पडतो. ज्या गोष्टीवर आपण एकदा पोटभर हसतो, तिचा जाब विचारायची ताकद मग अंगात उरत नाही.

29 जूनला उद्धव ठाकऱ्यांनी राजीनामा दिला, 30 ला एकनाथ शिंद्यांनी शपथ घेतली. महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे गावचा माणूस मुख्यमंत्री झाला म्हणून आमच्या जिल्ह्यात पेढेही वाटले गेले. पुढच्या वर्षी 2 जुलैला राष्ट्रवादीतही तेच घडलं. खरी शिवसेना कुठली, खरी राष्ट्रवादी कुठली, हा वाद निवडणूक आयोगापुढं गेला. शिवसेनेचा निकाल 17 फेब्रुवारी 2023 ला लागला. नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला मिळाले. त्या निकालातला एक हिशेब वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

आयोगानं नुसती आमदारांची डोकी मोजली नव्हती. शिंद्यांबरोबर गेलेल्या 40 आमदारांना 2019 मध्ये किती मतं पडली होती, तेही मोजलं होतं. 36,57,327. शिवसेनेच्या विजयी आमदारांना मिळालेल्या एकूण मतांच्या सुमारे 76 टक्के. बहुमत कुठं आहे ते दाखवायला हा आकडा पुढं ठेवला गेला.

कायद्याच्या दृष्टीनं यात काही वावगं असेल असं मी म्हणत नाही. पक्ष फुटल्यावर बहुमताची कसोटी लावायची, ही आयोगाची जुनीच रीत आहे. पण त्या साडेछत्तीस लाखांत आमच्या जिल्ह्यातल्या दोन मतदारसंघांतली मतंही होती. पाटणच्या डोंगरातून चालत केंद्रावर आलेल्या म्हाताऱ्या होत्या, कोरेगावच्या शिवारातून भांगलण टाकून आलेल्या बाया होत्या. ऑक्टोबर 2019 मध्ये त्यांनी चिन्ह बघून, युती बघून, माणूस बघून, आपापल्या कारणांनी बटण दाबलं होतं. तीन वर्षांनी तीच मतं पेटीतून काढल्यासारखी पुन्हा मोजली गेली आणि मतदारांच्या ध्यानीमनीही नसलेल्या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून मांडली गेली. त्यांतल्या कित्येकींना ते उत्तर कदाचित पसंतही असेल. कित्येकींना नसेल. विचारलं मात्र कुणालाच गेलं नाही. खेड्यातल्या माणसाला हे चटकन कळेल अशा शब्दांत सांगायचं तर, जमीन माझी, सातबारा माझा, आणि फेरफार नोंदवताना मला साधी नोटीसही नाही.

त्यानंतर 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला. बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, पण ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळं जुनं सरकार परत आणता येत नाही, असा त्याचा सारांश. 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेचा निर्णय दिला, आणि दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. फेब्रुवारीत घड्याळ अजित पवारांकडं गेलं, तेही आमदारांच्या संख्याबळावर. आयोग, न्यायालय, अध्यक्ष. वकिलांनी महिनोन्महिने युक्तिवाद केले. व्हिप कुणाचा, गटनेता कोण, पक्षाची घटना कुठली, यावर हजारो पानं लिहिली गेली. या सगळ्यात ज्याच्या मतावर आमदार आमदार झाला, त्याच्या बाजूनं उभं राहायला कुणाचीच खुर्ची मांडलेली नव्हती.

आपला पक्षांतरबंदी कायदाही तसाच आहे. 1967 मध्ये हरियाणातल्या गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' ही म्हण देशाला मिळाली. कायदा यायला 1985 उजाडलं. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना अभय होतं. 2003 च्या घटनादुरुस्तीनं ती वाट बंद केली, दोन तृतीयांशांची विलीनीकरणाची वाट ठेवली. बारकाईनं पाहिलं तर हा कायदा पक्षाला आमदारापासून वाचवतो. मतदाराला दोघांपासून वाचवण्याचं काम त्याला कुणी सांगितलेलंच नाही. आणि हे कालपरवाचं नाही. 1978 मध्ये वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवारांनी पुलोदचं सरकार आणलं, तेव्हाही पाठीतल्या खंजिराची भाषा झाली होती. खंजीर तोच, फक्त पाठी बदलत राहिल्या. त्यामुळं कुणी एका पक्षानं दुसऱ्याला निष्ठेचे धडे देऊ लागलं की मला पोवई नाक्यावरच्या त्या रिक्षा आठवतात.

मग पक्षच नकोत का? काही मित्रमैत्रिणी तसं म्हणतात. सगळे चोर, जाऊ दे मतदानच नको. मला हा आळस वाटतो. पक्ष नसते तर माण-खटावच्या एका शेतकऱ्याची पाण्याची मागणी विधानसभेपर्यंत पोचवली कुणी असती? विखुरलेली गरज एकत्र बांधून तिचं धोरण करायचं, म्हणून तर पक्ष जन्माला आले. याच जिल्ह्यानं नाना पाटलांचं प्रतिसरकार पाहिलं, याच जिल्ह्यानं यशवंतराव चव्हाणांसारखा संघटक दिला. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, 1957 मध्ये, त्याच यशवंतरावांना कऱ्हाडात निसटत्या मतांनी निवडून यावं लागलं. लोकांचं म्हणणं काय आहे, ते त्या निसटत्या फरकानं त्यांना बजावून सांगितलं. पक्ष होते, बाजू होत्या, भांडणं तर आजच्याहून कडाक्याची होती. पण भांडण कशावरून चाललंय, हे मतदाराला ठाऊक होतं. मुंबई कुणाची, हा प्रश्न होता आणि बटबटीतपणे समोर होता.

2024 चा प्रश्न कुठला होता? मी खरंच शोधत होते. भाजप आणि महाविकास आघाडी, दोघांचेही जाहीरनामे 10 नोव्हेंबरला आले. मतदान 20 ला. पाच वर्षं सांभाळायच्या राज्याबद्दल विचार करायला दहा दिवस, त्यातही शेवटचे दोन दिवस प्रचारबंदीचे. लाडक्या बहिणींना एकीकडं 1500 चे 2100 करणार होते, दुसरीकडं 3000 देणार होते. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी माण तालुक्यातल्या. त्यांनी भांडी विसळता विसळता विचारलं, "दोगंबी देत्यात म्हणं. पर ताई, नळाला पानी कुठल्यात लिव्हलंय?" मी दोन्ही जाहीरनाम्यांतलं शोधून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सारकंच हाय की. मग भांडत्यात कशापायी?" दादानं आणि धाकट्यानं मिळून तीन दिवाळ्या घालवल्या, तरी त्यांना याचं उत्तर देता आलं नसतं.

जिथं पाण्याचं, गटाराचं, शाळेच्या छपराचं उत्तर मिळायचं, तिथं तर निवडणूकच होत नव्हती. 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. त्या नोव्हेंबरातही ते तिथंच होते. राज्य कुणाचं यावर घराघरांत रणं पेटली होती आणि गावच्या रस्त्याबद्दल कुणाला जाब विचारावा, तर निवडून आलेला सदस्यच जागेवर नव्हता. याचा राग मात्र कुठल्या रिक्षातून ऐकू आला नाही.

गोंधळ तर असा की हात थरथरावा. लोकसभेला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचं चिन्ह, आणि नुसती 'तुतारी' या नावानं पिपाणीसारखं दिसणारं चिन्ह अपक्षांना. साताऱ्यात जय-पराजयाचं अंतर 32,771 मतांचं होतं आणि ते चिन्ह मिळालेल्या अपक्षाला 37,062 मतं पडली. दिंडोरीत तशाच चिन्हाला लाखावर मतं गेली. त्यातली किती मनापासूनची आणि किती फसगतीची, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. सात सेकंदांच्या त्या काचेत म्हाताऱ्या डोळ्यांना चिठ्ठीवरची तुतारी दिसली आणि समाधान वाटलं, एवढंच.

वैतागलेल्या मतदाराला 'नोटा' आहे, असं सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानं ते बटण आलं. 2019 मध्ये लातूर ग्रामीणला आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात पलूस-कडेगावला नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर आलं. त्याचा परिणाम मात्र शून्य, कारण विधानसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार विजयी होतो. नाही म्हणायची सोय आहे, नाही ऐकायची सक्ती कुणावर नाही. म्हणून माझा नोटावर फारसा भरवसा नाही. मला नकार नोंदवून घरी यायचं नाही. मला ज्याला निवडलं त्याच्याशी पाच वर्षं संबंध ठेवायचा आहे.

2024 च्या 23 नोव्हेंबरला निकाल लागला. महायुतीला 230 च्या वर जागा, जिल्ह्यातल्या आठच्या आठ त्यांच्याच. धाकट्यानं गुलाल उधळला, दादानं दोन दिवस फोन उचलला नाही. नंतर मुख्यमंत्री कोण, खाती कुणाला, यावर खलबतं झाली आणि पुन्हा एकदा आमचं काम संपलं. निकाल कुणाला आवडला, कुणाला नाही, हा प्रश्न बाजूला ठेवते. ज्यांना आवडला त्यांच्याही मताचा पुढं फेरफार होऊ शकतो, हे त्यांनी विसरू नये. आज ज्याचं बहुमत आहे, त्याच्या मतदाराला याची झळ सगळ्यात आधी लागते, हे 2019 च्या मतदारानं भोगून पाहिलंय.

म्हणून माझं म्हणणं फार लहान आहे आणि ते कुठल्याच पक्षाच्या विरुद्ध नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या दाराशी जो कुणी मत मागायला येईल, कुठल्याही चिन्हाचा असो, त्याला चहा द्या, बसवा, आणि विकास, निष्ठा, स्वाभिमान हे सगळं ऐकून झाल्यावर चारचौघांत एकच प्रश्न विचारा : "साहेब, उद्या तुम्ही पक्ष बदलला, तर राजीनामा देऊन परत आमच्याकडं मत मागायला याल का?" हो म्हटला तर ते गावच्या ग्रुपवर लिहून ठेवा, नाही म्हटला तर तेही लिहा. साताऱ्यात एकदा असं घडलेलं आहे, म्हणजे हे अशक्य नाही. आमचं मत पुन्हा मोजायची वेळ आली, तर आम्हाला पुन्हा विचारूनच मोजा, एवढं पुढच्या उमेदवाराला आपण सगळ्यांनी मिळून सांगायला हवं. दादानं त्याच्या उमेदवाराला सांगावं, धाकट्यानं त्याच्या. या एका मागणीपुरतं तरी दोघांना एका बाजूला उभं राहता येईल.